गव्हर्नरचा खोकला

आमच्या घरात दोघं खोकायचे. एक माझे सासरे आणि दुसरा त्यांचा कुत्रा. स्वयंपाकघरात उभं राहून बाहेरच्या खोलीत आत्ता नेमकं कोण खोकलं हे ओळखणं मला कधी जमलं नाही, आणि मी जनावरांची डॉक्टर आहे. दोघांचीही सुरुवात कोरडी, शेवट ओकारी काढल्यासारखा. आणि खोकून झालं की दोघंही असे इकडेतिकडे बघायचे, जणू खोकणारा कोणी तिसराच होता.

सासऱ्यांना सगळी बिल्डिंग अण्णा म्हणते, मीही तेच म्हणते. अण्णांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. दोरांचं ग्रीस, ब्रेकची धूळ आणि बंद खोल्यांमधली हवा इतकी वर्षं छातीत भरून घेतली, त्याचं बक्षीस म्हणून फुप्फुसाला कायमची सूज मिळाली. ती आटोक्यात ठेवायला रोज सकाळी एक स्टेरॉइडची गोळी. गोळी घेतली की जिना चढता येतो, चुकली की चपला घालतानाही धाप लागते.

कुत्र्याचं नाव गव्हर्नर. शेजाऱ्यांना वाटतं, म्हाताऱ्याला मोठेपणाची हौस. पण लिफ्टच्या मशीनच्या खोलीत एक चाक असतं. लिफ्ट भलत्या वेगाने खाली निघाली की हे चाक दोर पकडतं आणि लिफ्टला जागच्या जागी अडवतं. त्या चाकाला गव्हर्नर म्हणतात. रिटायर व्हायच्या आठवड्यात एका लिफ्टच्या तळाच्या खड्ड्यात अण्णांना हे पिल्लू सापडलं. सासूबाई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. "मीपण खालीच चाललो होतो," असं अण्णा एकदा बोलून गेले, आणि लगेच, "चहा आहे का गं?"

अण्णांचा स्वभाव सांगायचा तर मेन स्विचबद्दल सांगितलं पाहिजे. बऱ्याच लिफ्टमध्ये बिघाड झाला की पॅनेलवर एक आकडा येतो. तो आकडा म्हणजे दोषाचा पत्ता. पण मेकॅनिक येईपर्यंत कोणाला दम धरवत नाही. वॉचमन जातो, मेन बंद करतो, पुन्हा चालू करतो, लिफ्ट निघते आणि आकडा पुसला जातो. मेकॅनिक येतो तेव्हा लिफ्ट अगदी शहाण्या मुलासारखी वर-खाली करत असते. अण्णांची सगळी चिडचिड या एका गोष्टीवर होती. "दोष असताना मला दाखवा! पुसून झाल्यावर काय बघू, माझं कपाळ?" हे वाक्य त्यांनी एवढ्या लोकांना ऐकवलं होतं की माझा नवरा लहानपणी घर-घर खेळताना बाबा झाला की तेच म्हणायचा.

या रागाला कारणही होतं, तेही मला नवऱ्यानेच सांगितलं. एका इमारतीतली लिफ्ट सारखी दोन मजल्यांच्या मध्ये अडकायची. वॉचमन दर वेळी मेन बंद-चालू करून काम भागवायचा. अण्णा दोनदा जाऊन आले, त्यांना काहीच सापडलं नाही, त्यांनी सही करून दिली. तिसऱ्या खेपेला त्यांचा जोडीदार आत हात घालून बघत असताना ती लिफ्ट आपण होऊन हलली. जोडीदाराची बोटं गेली. अण्णांनी त्या वॉचमनला इमारतीसमोर उभं करून असं काही झाडलं की दुसऱ्या दिवशी त्याची नोकरी गेली. तेव्हापासून अण्णा कामाला जाताना एक पत्र्याची पाटी बरोबर नेत आणि ती स्विचवर टांगत: "काम चालू आहे. मेन स्विचला हात लावू नये." रिटायर होताना कंपनीने घड्याळ दिलं ते कुठे पडलंय कोणाला ठाऊक नाही. पाटी मात्र कपाटावर आहे.

असा माणूस घरात असल्यावर मला वाटायचं, निदान एक जण तरी माझं काम समजून घेईल. कारण माझंही दिवसभर हेच रडगाणं. लोक कुत्रा घेऊन येतात आणि म्हणतात, "बाकी काही नाही हो, नुसता खोकला आहे, औषध द्या." खोकला हा आजार नाही, ती तक्रार आहे. कुत्रा हृदयामुळे खोकतो, जंतांमुळे खोकतो, श्वासनलिका ढिली पडली म्हणून खोकतो, गवताचं कुसळ अडकलं म्हणून खोकतो. आणि कधी कधी बाहेरचं कोणीच दोषी नसतं, त्याचं शरीर आपल्याच फुप्फुसावर चिडलेलं असतं. वरून सगळ्यांचा खोकला सारखाच. पण हे सांगायला लागलं की लोक घड्याळाकडे बघतात.

गव्हर्नर ऐन तारुण्यात खोकायला लागला. आधी सकाळी उठल्यावर, मग पळाल्यावर, मग नुसतं शेपूट हलवल्यावरही. मी माझ्या पद्धतीने एकेक दार बंद करत गेले. हृदय तपासलं, उत्तम. जंतांसाठी रक्त आणि शी दोन्ही बघितलं, काही नाही. तरी जंतांचं औषध देऊन टाकलं, फरक शून्य. जंतुसंसर्गाचं औषध पुरं केलं, खोकला जागचा हलला नाही. एक्स-रेमध्ये मात्र श्वासनळ्यांच्या भिंती जाड दिसत होत्या, फुप्फुसभर धूसर जाळी. मला वास आला की ही सूज आहे, ॲलर्जीसारखी. पण वासावर औषध देता येत नाही. नक्की करायचं तर एकच मार्ग होता. कुत्र्याला भूल द्यायची, दुर्बिणीची बारीक नळी फुप्फुसात उतरवायची, थोडं सलाइन आत सोडायचं आणि तेच ओढून घ्यायचं. त्या धुऊन आलेल्या पाण्यात कुठल्या पेशी आहेत ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. पेशी खोटं बोलत नाहीत, असं तेव्हा मला वाटायचं.

"तोवर काही देणार नाहीस त्याला?" अण्णांनी विचारलं.

"नाही. सुजेवरचं औषध आधी दिलं तर त्या पेशी पळून जातात. मग बघायला काहीच उरत नाही. तुम्हाला मी काय सांगायचं, अण्णा? तुमचाच मेन स्विच."

"कळलं," अण्णा म्हणाले. आणि त्यांना खरंच कळलं होतं. मला आजही राग येतो तो याचाच.

दवाखान्यात गर्दी होती, दुर्बिणीची तारीख लांबली. दरम्यान गव्हर्नरचा खोकला चक्क कमी झाला. मी म्हटलं, हवा बदलली असेल. त्याला तहान मात्र फार लागायला लागली, वाडगं भरावं तर रिकामं. रात्रीतून दारात तळं. भूक तर अशी की नवऱ्याच्या हातातलं बिस्कीट गेलं आणि सोबत बोटाचं सालटंही. मी मूत्रपिंडं तपासली, साखर तपासली, दोन्ही ठीक. माझी चिडचिड वाढत चालली होती. एका खोकल्याचं उत्तर मिळत नव्हतं, त्यात हे नवीन प्रश्न.

दुर्बिणीच्या दिवशी अण्णा बाहेरच्या बाकावर बसून होते. भूल देणारी माझी मैत्रीण म्हणाली, खोकणाऱ्या कुत्र्याला भूल म्हणजे जरा जिवावरचंच काम, आटप लवकर. मी आटपलं. पाणी घेतलं, काच रंगवली, डोळा लावला, आणि बसूनच राहिले. काचेवर काहीही नव्हतं. म्हणजे रोजच्या चार साफसफाई करणाऱ्या पेशी होत्या, पण ज्यांची मी वाट बघत होते त्यातली एकही धड नाही. एक्स-रे सांगतोय आग लागलीय आणि फुप्फुसाचं पाणी सांगतंय इथे सगळं आलबेल. मी दुसरी काच केली, तिसरी केली. मैत्रीण म्हणाली, "सोड आता, तुझ्या घरचा आहे म्हणून तुला आजार दिसतोय." मला तिला मारावंसं वाटलं.

घरी आल्यावर अण्णांनी विचारलं, "मिळालं?"

"नाही."

"असं होतं कधी कधी," अण्णा मऊ आवाजात म्हणाले आणि खोकले. तेव्हा मला नुसतं एवढंच जाणवलं की हल्ली बाहेरच्या खोलीतला खोकला ओळखता येतोय. जो काही खोकला होता तो आता सगळा अण्णांचा होता.

अण्णांचा दम वाढत चालला होता. जिना सुटला, मग गव्हर्नरला फिरवणं सुटलं, मग आंघोळीनंतर स्टुलावर बसावं लागायला लागलं. छातीच्या डॉक्टरांकडे ते दोनदा जाऊन आले. तिसऱ्यांदा मी दवाखाना बंद ठेवून त्यांच्याबरोबर गेले. डॉक्टरांनी नवे फोटो दिव्यासमोर धरले आणि ओठ आवळले. सूज उलट वाढली होती.

"पूर्ण डोस चालू असताना असं व्हायला नको. याचा अर्थ हे औषध लागू पडेनासं झालंय, किंवा आजारच वेगळा आहे. फुप्फुसाचा एक तुकडा काढून तपासू. आणि जास्त जहाल औषध सुरू करावं लागेल, ते यकृताला त्रास देतं, पण इलाज नाही." मग सहज विचारल्यासारखं, "गोळी पोटात जातेय ना रोज?"

"जाते," अण्णा म्हणाले.

ते खोटं नव्हतं. कोणाच्या पोटात, हे डॉक्टरांनी विचारलं नव्हतं.

मी फोटोकडे बघत होते आणि माझ्या डोक्यात काहीतरी खडखडत होतं. इथे एक माणूस आहे जो औषध घेतो, आणि त्याची छाती सांगते की घेत नाही. आणि घरी एक कुत्रा आहे जो औषध घेत नाही, आणि त्याचं फुप्फुस इतकं स्वच्छ जणू काही... तहान. भूक. दारातलं तळं. माझ्याकडे स्टेरॉइडवर असलेला प्रत्येक कुत्रा हेच करतो. मीच मालकांना बजावून सांगते की घाबरू नका, गोळीमुळे असं होतं. मी अण्णांकडे वळले. ते भिंतीवरचा फुप्फुसांचा तक्ता अतिशय लक्ष देऊन वाचत होते.

"अण्णा, माझ्याकडे बघा."

ते बघेनात.

"गोळी त्याला देताय?"

"अर्धी," अण्णा तक्त्याला म्हणाले.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "कोणाला अर्धी?"

"गव्हर्नरला," मी म्हटलं.

डॉक्टर काही क्षण दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले. त्यांच्या मनात काय काय आलं असेल ते मला विचारायचंही नव्हतं. "कुत्रा आहे आमचा," मी सांगितलं. त्यांनी फोटो खाली ठेवला आणि अत्यंत सभ्यपणे विचारलं, "मग आता कुत्रा कसा आहे?"

 घरात आल्यावर माझा बांध फुटला. सासऱ्यांशी असं बोलायचं नसतं हे मला माहीत आहे, पण त्या दिवशी मला आठवलं नाही. "एका गोळीत दोन डॉक्टर वेडे केलेत तुम्ही! मी त्याला भूल दिली, अण्णा. तो मेला असता टेबलावर, आणि कशासाठी? तुम्ही पुसून ठेवलेला आकडा वाचायला? तुमची छाती कापणार होते ते! आणि हे दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी समजू शकले असते. तुम्ही? तुम्ही, अण्णा?"

माझा नवरा दारात उभा राहून एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होता. मध्ये पडायची त्याची छाती नव्हती. गव्हर्नर अण्णांच्या पायाशी जाऊन बसला.

"त्याला धाप कशी लागते ते मला आतून माहीत आहे," अण्णा म्हणाले. "तू एक्स-रेत बघतेस. मला ठाऊक आहे."

"आणि तुमची धाप?"

"मला सवय आहे."

मी आत जाऊन भांडी आपटली.

अण्णांची अख्खी गोळी पुन्हा सुरू झाली, माझ्या समोर, माझ्या हाताने. गव्हर्नरची एकदम थांबवता येत नव्हती, ती कमी कमी करत बंद केली आणि मग दोन आठवडे काहीही द्यायचं नाही असं ठरलं. गोळ्यांच्या कपाटाला मी कुलूप लावणार होते. बघते तर कपाटाच्या कडीला ती पत्र्याची पाटी टांगलेली. काम चालू आहे. अण्णांनी स्वतःच लावली होती. मी कुलूप परत ठेवून दिलं.

पण ते दिवस फार वाईट गेले. गोळीचा असर उतरला तसा गव्हर्नरचा खोकला परत आला, तो पहिल्यापेक्षा जोरात. खोकून खोकून त्याचे पाय फाकायचे, मान लांब व्हायची, शेवटी पिवळट चिकट काहीतरी फरशीवर पडायचं आणि तो ओशाळल्यासारखा त्याच्यापासून दूर जायचा. अण्णा फडकं घेऊन पुसायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी दुपारी जेवायला घरी यायची ती टाळायला लागले. औषध माझ्या पिशवीत होतं. एक अर्धा तुकडा दिला असता तर संध्याकाळपर्यंत तो शांत झोपला असता, हे मला माहीत होतं, अण्णांना माहीत होतं. आणि आम्ही दोघं शहाणी माणसं हात बांधून ऐकत बसलो होतो. मला स्वतःचा, अण्णांचा, त्या आजाराचा, सगळ्यांचाच वीट आला होता.

एकदा अण्णा उठले, कपाटापाशी गेले, पाटीवरून हात फिरवला आणि जिन्यात जाऊन बसले. तो खोकायचा थांबेपर्यंत आत आले नाहीत.

दुसऱ्यांदा भूल दिली. पण या वेळी नळी उतरवताच दिसलं, श्वासनळ्या लालबुंद सुजलेल्या, आत हिरवट-पिवळा चिकटा. पाण्याची काच रंगवली आणि डोळा लावला. सगळीकडे त्याच ॲलर्जीच्या पेशी. गुलाबी, केशरी दाण्यांनी ठासून भरलेल्या, शेजारी शेजारी, मोजायची गरजच नाही. जंतांचा मागमूस नव्हता. बुरशी नव्हती. काही दिवसांनी जंतुसंसर्गाचीही तपासणी कोरी आली. दोष पूर्ण चेहऱ्यानिशी समोर उभा होता. शरीर कशावर चिडलं होतं ते मात्र कळलं नाही. ते बहुतेक वेळा कधीच कळत नाही.

सगळं हाती आल्यावर मी अण्णांना आणि गव्हर्नरला दवाखान्यात बोलावलं आणि अण्णांना सूक्ष्मदर्शकातून काच दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच वेळ बघितलं.

"हा आकडा?"

"हा आकडा."

मी औषधाची पट्टी त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती उलटसुलट केली, मग शर्टाच्या खिशातून स्वतःची काढली आणि शेजारी धरली.

"हीच?"

"हीच. त्याच्या वजनाला अर्धी. काही महिने, मग हळूहळू कमी करायची."

मी तयारीत होते. आता म्हातारा म्हणणार, बघ, माझंच बरोबर होतं, उगाच एवढा घोळ घातलास. उत्तर जिभेवर होतं. आत बुरशी असती किंवा जंत असते, तर हीच गोळी त्यांच्या पथ्यावर पडली असती. वरून खोकला थांबला असता आणि आतून कुत्रा संपला असता. तुमच्या नशिबाने तसं नव्हतं, म्हणून हे बरोबर ठरत नाही. सगळं पाठ करून ठेवलं होतं.

अण्णा तसं काही म्हणाले नाहीत. टेबलावर पडून असलेल्या गव्हर्नरच्या कानामागे बोट फिरवत त्यांनी विचारलं, "मग एवढे दिवस तो खोकला ते उगाच?"

आणि मी पाठ केलेलं सगळं विसरले. "पहिल्याच वेळी दिसलं असतं, अण्णा. तुम्ही पुसलं नसतं तर एकदाच झालं असतं. तो खोकला ते तुमच्यामुळे."

बोलून गेले आणि मग वाटलं, गिळलं असतं तर बरं झालं असतं. पण ते खरं होतं, आणि अण्णांना तोंडदेखलं काही चालत नाही.

त्यांनी मान हलवली. "त्या वॉचमनला मी हेच म्हणालो होतो. ह्याच आवाजात. तो काय म्हणाला ते मी कधी कोणाला सांगितलं नाही."

अण्णा गव्हर्नरचा कान चोळत राहिले.

"म्हणाला, साहेब, दर वेळी आत कोणीतरी अडकलेलं असायचं. एकदा तर एक बाई रडत होती. मी बाहेर उभा राहून किती वेळ ऐकू?"

त्यांनी गव्हर्नरच्या पट्टीतून गोळी काढली, नखाने तिचे दोन तुकडे केले. एक गव्हर्नरच्या जिभेवर मागे ठेवून त्याचं तोंड मिटलं आणि गळा चोळला. दुसरा, उद्याचा, मी मागितला नसताना माझ्या हातात दिला.